खलातली पूड

निरोप समारंभात संस्थेच्या संचालकांनी माझ्या नणंदेच्या संशोधनाला 'वादग्रस्त, पण चिकाटीचं' असं म्हटलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. उठून विचारावंसं वाटलं, की बाबा रे, वाद घातला कोणी, तिने की तुम्ही? पण आमचे हे असल्या प्रसंगी माझं मनगट धरून बसतात. वन्सं व्यासपीठावर शांत होत्या. पुष्पगुच्छ त्यांनी मांडीवर असा आडवा धरला होता, की जणू कोणीतरी आपलं सामान जरा वेळ सांभाळायला देऊन गेलंय.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून कोणी विचारलं, तर "राहून गेलं" एवढंच म्हणायच्या, जसं आपण गिरणीत जायचं राहून गेलं म्हणतो. मी या घरात आले तेव्हा मागची खोली त्यांची होती आणि अजूनही त्यांचीच आहे. मी शाळेत भूगोल शिकवते. जग कुठे काय आहे हे मला बऱ्यापैकी माहीत असतं, पण मागच्या खोलीतली बाई दिवसभर नक्की करते काय, हे कळायला मला बरेच महिने लागले. एकदा भांडी पुसता पुसता विचारलंच.

"मी रेणूंना एकाच दिशेला तोंड करून बसवते," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांसारखं?"

"तुझी मुलं बसतात का?"

मी नाही म्हटलं. "मग माझंही तसंच समज," त्या म्हणाल्या आणि हसल्या. तेव्हा हसायच्या.

त्यांच्या विषयाला नॉनलिनिअर ऑप्टिक्स म्हणतात आणि त्यांची पदवी फिजिकल केमिस्ट्रीची. मला समजलं तेवढं सांगते. काही स्फटिक असे असतात, की एका बाजूने डोळ्यांना न दिसणारा लेसरचा किरण आत सोडला, तर दुसऱ्या बाजूने तो झगझगीत हिरवा होऊन बाहेर येतो. पण त्यासाठी स्फटिकातल्या सगळ्या रेणूंची तोंडं एकीकडे हवीत. ते जोडीजोडीने समोरासमोर बसले, की एकाने केलेलं दुसरा पुसून टाकतो. मग कितीही किरण सोडा, हिरवं काही दिसत नाही. वन्संनी एक पदार्थ स्वतः तयार केला होता आणि त्याचे रेणू नीट एका दिशेने बसत होते. बाजारातल्या कुठल्याही स्फटिकापेक्षा तो सरस निघणार, असा त्यांचा हिशेब होता.

रसायनवाले म्हणायचे, ही लेसरशी खेळते, म्हणजे भौतिकवाल्यांची. भौतिकवाले म्हणायचे, हिच्या टेबलावर काचेची भांडी आहेत, म्हणजे रसायनवाल्यांची. जागा द्यायची वेळ आली की दोघेही काखा वर करायचे. शेवटी व्हरांड्याच्या टोकाला, मोडक्या खुर्च्यांच्या गोदामाशेजारची खोली त्यांना मिळाली. संस्थेत त्यांना 'खडीसाखर' म्हणायचे. पाकात दोरा सोडून खडीसाखर करतात ना, तसं ह्या बाई द्रावणात दोरा सोडून बसतात म्हणून. वन्संना हे नाव माहीत होतं. "बरोबरच आहे," म्हणायच्या, "फक्त माझी कोणाला खाता येत नाही."

कामाची रीत अशी. बारीकसा निर्दोष स्फटिक निवडायचा, त्याला म्हणायचं बीज. ते नायलॉनच्या धाग्याला बांधून दाट द्रावणात लटकवायचं, भांडं ऊबदार पाण्यात ठेवायचं आणि पाण्याची ऊब रोज इतकी थोडी कमी करायची, की पाण्यालासुद्धा कळू नये. बीज जसं, तसा स्फटिक वाढतो. दार आपटलं तरी वाया, धूळ पडली तरी वाया. सुटीच्या दिवशीही वन्सं जाऊन डोकावून यायच्या. घरातली आजारपणं काढावीत तशी त्यांनी ती भांडी जपली. मला राग यायचा. मी तापाने फणफणले होते तेव्हा त्या दारातून म्हणाल्या होत्या, "औषध घेतलंस ना? मी जरा बघून येते." बघायला मला नाही, भांड्याला.

पण एक दिवस त्या मला घेऊन गेल्या. डोळ्यांवर जाड चष्मा चढवायला लावला, खोलीत अंधार केला. टेबलावर बोटाच्या पेराएवढा स्वच्छ खडा चिमट्यात धरलेला होता. लेसर सुरू झाला आणि समोरच्या कागदावर हिरवा ठिपका उमटला. मी भूगोलाची बाई, ध्रुवीय प्रकाश शिकवलाय, स्वतः कधी पाहिला नाही. माझ्या तोंडून "अगंबाई!" निघालं. वन्सं ठिपक्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. इतकी सुखी बाई मी आमच्या घराण्यात दुसरी पाहिली नाही.

त्या स्फटिकावरचा शोधनिबंध छापून आला. त्यावर पहिलं नाव वन्संच्या सरांचं. सर म्हणजे त्यांचे जुने मार्गदर्शक, तेव्हा विभागप्रमुख. त्यांनी त्या खोलीत पाऊल कितीदा टाकलं असेल ते त्यांनाच ठाऊक, पण पहिलं नाव त्यांचं. सत्कारही त्यांचाच झाला आणि भाषणात ते "माझा स्फटिक" म्हणाले. घरी येऊन मी आदळआपट केली. वन्सं म्हणाल्या, "जाऊ दे गं. खडा तर खरा आहे ना?"

हे वाक्य त्या पुढे कधी बोलल्या नाहीत.

झालं असं. मोठे स्फटिक हवेत अशी मागणी आली, म्हणून वन्संनी पदार्थ आणखी शुद्ध केला. एका भांड्याच्या तळाशी मुख्य स्फटिकाऐवजी केसासारख्या बारीक सुया दिसल्या. कोणी दुसरा असता तर ओतून दिलं असतं. पण या लोकांची एक सवय असते. नवं काहीही निघालं, की पहिल्यांदा खलात कुटून त्याची पूड करायची आणि पुडीवर लेसर सोडून बघायचा, हिरवं होतं का. जगभरात असंच करतात. वन्संनी सुया खलात घातल्या आणि आपल्या टेबलावर, उघड्या भांड्यांच्या शेजारी, छान वस्त्रगाळ पूड केली. हिरवं काही झालं नाही. त्यांनी खल पुसून ठेवला आणि विषय संपला असं त्या समजल्या.

विषय तिथे सुरू झाला. पुढच्या खेपेला एकूण एक भांड्यात सुया आल्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही. त्या सुयांमध्ये तेच रेणू होते, फक्त समोरासमोर तोंड करून बसलेले. रेणूंना तसंच बसायला जास्त सोयीचं होतं म्हणे, फक्त इतके दिवस कोणी तसं बसून दाखवलं नव्हतं. आता खोलीच्या हवेत, फटींत, कपड्यांत डोळ्यांना न दिसणारी सुयांची बीजं उडत होती आणि द्रावण त्यांनाच भुलत होतं. एवढंच नाही, तर कपाटात ठेवलेले जुने, चांगले खडेही एकेक करून आतून पांढुरके पडत गेले. मोतीबिंदू झाल्यासारखे. ज्या खड्याने मला "अगंबाई" म्हणायला लावलं होतं, तोही गेला.

वन्संनी जिवाचं रान केलं. भिंती धुतल्या, नवी काचसामग्री आणली, पडदे काढून टाकले, पदार्थ पुन्हा नव्याने केला. घरी मी त्यांचे कपडे उकळत्या पाण्यातून काढायचे. काही उपयोग झाला नाही. आणि मग संस्थेत कुजबुज सुरू झाली, की खडीसाखरेचा खडा मुळात होता तरी का? फोटो काय, कशाचाही काढता येतो. हिरवा ठिपका काय, कोणत्याही दिव्याचा पाडता येतो.

अशात एका आनंदाच्या बातमीने घर उजळलं. दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने निबंध वाचून तोच पदार्थ बनवला होता आणि त्यांच्याकडे स्वच्छ खडा वाढला होता. हिरवा! तिथले प्रमुख भले गृहस्थ. त्यांनी फोन केला, "या, स्वतः बघा, आमच्या मुलांना चार गोष्टी सांगा." वन्सं दुसऱ्याच दिवशी निघाल्या. मी त्यांच्यासाठी नवे कपडे शिवून घेतले होते, ते घातले. जाताना आपली हत्यारं घेतली, चिमटे, धागे, तुलनेसाठी थोड्या सुया घट्ट बंद डबीत. तिथे आठवडाभर राहिल्या, हात लावून शिकवलं, भांड्यांवर वाकून वाकून पाहिलं.

त्या परत आल्या आणि महिनाभरात तिथून फोन आला. सगळ्या भांड्यांत सुया.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. वन्सं मागच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या आणि आपले दोन्ही हात पुढे धरून नखांकडे बघत होत्या. मी चहा ठेवला.

"अगं, मीच नेते," त्या म्हणाल्या. "मी जाते तिथे मीच ते घेऊन जाते. डबीची गरजच नव्हती."

"काहीतरीच काय! तुम्ही काय रोगी आहात?"

"तसंच म्हण."

भल्या गृहस्थांनी भलेपणा सोडला नाही, पण छापून मात्र टाकलं, की आमचा आधीचा निष्कर्ष पुन्हा पडताळता आला नाही. मग चौकशी समिती बसली. वन्संनी बीजाची गोष्ट सांगितली. समितीतल्या एका शहाण्याने विचारलं, "म्हणजे तुमचा स्फटिक होता याचा पुरावा हाच, की तो आता कुठेच नाही?" सगळे खो खो हसले. वन्संनी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आवाज न बदलता. मला रडू आलं, त्यांना नाही.

समितीने तडजोड काढली. मोजणीत चूक झाली असावी, एवढं लिहून द्या, प्रकरण मिटवू. सरांनी ताबडतोब सही केली. आपण फक्त सल्लागार होतो, खोलीत क्वचितच गेलो, असंही पुस्ती म्हणून जोडलं. तेवढं मात्र खरं बोलले. वन्संनी सही केली नाही. ह्यांनी समजावलं, "ताई, एक सही कर आणि मोकळी हो. तू तुझं काम पुढे चालू ठेव." त्या म्हणाल्या, "मोजणीत चूक नव्हती रे. चूक खलात झाली. ती लिहून देते म्हटलं, तर त्यांना नको आहे."

झालं. त्यानंतर त्यांना लेसर मिळाला नाही, विद्यार्थी मिळाले नाहीत, बढती तर नाहीच. एका मोठ्या यंत्रावर बसवलं. सगळ्या विभागांनी आपापले नमुने आणून द्यायचे आणि वन्संनी ते मोजून आकडे काढून द्यायचे. सेवानिवृत्तीपर्यंत तेच केलं. ज्यांनी मोजणीत चूक काढली, ते सगळे आपली मोजणी हिच्याकडूनच करून घ्यायचे, आणि याचं कोणाला हसू येत नव्हतं, लाज तर त्याहून नाही. संस्थेतली माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही, कारण वन्संना ते आवडत नाही. पण मला विचाराल, तर वाईट होती.

निवृत्तीनंतर वर्षभराने फोन आला. त्यांची एक विद्यार्थिनी होती, एकुलती एक म्हणा. सुया निघायच्या आधीच शिष्यवृत्ती घेऊन दूर निघून गेलेली. आता तिची स्वतःची प्रयोगशाळा होती. वन्संनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणून मीही ऐकलं.

"मॅडम, वाढला! आपलाच पदार्थ. मी द्रावक बदलला आणि वाढला. इतका हिरवा, इतका हिरवा, काय सांगू!"

वन्संनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "कडा स्वच्छ आहेत? आत रेघा नाहीत ना?"

"आरशासारखा आहे, मॅडम."

"तुझ्याकडे आमच्या संस्थेतलं कोणी येऊन गेलंय का? एखादी जुनी बाटली, माझं एखादं भांडं?"

"नाही हो. सगळं इथेच नव्याने बनवलं."

"मग कोणाला येऊ देऊ नकोस. ते द्रावकामुळे नाही झालं. तुझी खोली कोरी आहे म्हणून झालं."

मग तिने, म्हाताऱ्या माणसाची समजूत घालावी त्या सुरात म्हटलं, "हो मॅडम, काळजी घेते."

तिचा निबंध आला. त्यात वन्संचं नाव नव्हतं. जुन्या निबंधाचा उल्लेखही नव्हता. फोन करून तिनेच सांगितलं, हे तिच्या बाजूने नमूद करते. "मॅडम, तो उल्लेख घातला असता, तर परीक्षकांनी माझा निबंध पहिल्या पानावरच नाकारला असता. तुमचं प्रकरण अजून लोकांच्या लक्षात आहे. तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय," वन्सं म्हणाल्या.

मला नाही समजलं. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जे जे बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. आणि आठवडाभरात आमंत्रण आलं. तिच्या नव्या विभागाचं उद्घाटन, मोठमोठे पाहुणे, आणि मॅडमनी आलंच पाहिजे, पहिला लेसर मॅडमच्या हाताने सुरू करायचा. मनात कुठेतरी टोचत असणार तिला. गाडीचं तिकीटसुद्धा पाठवलं.

मी ते तिकीट वन्संच्या समोर ठेवलं.

"जा," मी म्हटलं. "अवश्य जा. तुमचा प्रयोगशाळेतला तो जुना कोट घाला. तिच्या खोलीतून एक चक्कर मारा, भांड्यांवर वाका, नेहमी वाकता तशा. महिनाभरात सुया येतील. मग येऊ दे समिती, मग विचारू दे तिला, की बाई, तुझा स्फटिक होता तरी का! तुम्ही खरं बोलत होता, हे सिद्ध करायला याहून सोपा प्रयोग कोणता?"

ह्यांनी मला गप्प बस म्हणून खूण केली. पण वन्सं रागावल्या नाहीत. त्यांनी तिकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं. त्यांच्या मनात हे आधीच येऊन गेलं होतं, मला स्पष्ट दिसलं. दोन दिवस तिकीट त्यांच्या उशाशी होतं. दोन दिवस मी देवाला हात जोडले, की त्यांना जाण्याची बुद्धी दे. मी चांगली बाई आहे असा माझा दावा नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला. "गुडघा फार दुखतोय गं. प्रवास जमायचा नाही. तू कर सुरू." गुडघा त्यांचा ठणठणीत आहे. अजूनही जिने चढतात.

समारंभ घरबसल्या संगणकावर दिसत होता. आम्ही तिघं मागच्या खोलीत बसलो. भाषणं झाली, दिवे मालवले आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. वन्सं पुढे सरकल्या, इतक्या, की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग एका पाहुण्याने विद्यार्थिनीला विचारलं, या विषयाची गोडी तुम्हाला कोणी लावली?

"माझ्या एक मॅडम होत्या," ती म्हणाली. चेहरा खरोखरच उतरला होता तिचा. "त्यांनाही हे जमवायचं होतं, जमलं नाही. आज मी त्यांना खूप आग्रहाने बोलावलं होतं. आल्या नाहीत. मी समजू शकते. दुसऱ्याच्या हातून झालेलं बघायला मन फार मोठं लागतं."

सभागृहात सहानुभूतीचा सुस्कारा उमटला. ह्यांनी घाईघाईने आवाज बंद केला. ठिपका पडद्यावर तसाच होता.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"ऐकलं."

मग त्या उठल्या, गुडघ्यावर हात न ठेवता, आणि खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"जायला हवं होतं गं मी," त्या म्हणाल्या.